एक रतल धान्य

१८७६ च्या पावसाळ्याने दख्खनला दगा दिला. खरिपाची पिके उगवून करपली, आणि परतीच्या पावसानेही पाठ फिरवल्यावर रब्बीच्या ज्वारीचा पेरा कित्येक गावांत झालाच नाही. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा आणि आजच्या विजापूर-बागलकोट भागातला तेव्हाचा कलादगी जिल्हा, या मुंबई इलाख्यातल्या कोरड्या पट्ट्यात माणसे घरांना कड्या लावून निघाली. गुरे आधी मातीमोलाने विकली गेली, मग दावणीलाच मरू लागली. मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचे राज्य इथेही तीच कथा होती. पुढल्या दोन वर्षांत या मुलखात जे घडले, त्याने एक प्रश्न हिंदुस्थानच्या कारभारात कायमचा आणून ठेवला. उपाशी माणसाला खाऊ घालणे हे सरकारचे काम आहे का? आणि असेल, तर किती, आणि कोणत्या अटींवर?

दुष्काळ म्हणजे धान्यच नाही, असा सर्वसाधारण समज असतो. दख्खनमध्ये तसे नव्हते. सुस्थितीतल्या घरांच्या पेवांत मागल्या सालांची ज्वारी होती. जमिनीत खोल खणलेले, आतून कडब्याचा थर दिलेले आणि वरून मातीने लिंपलेले पेव ही इथली कोठी. नीट बुजवले तर त्यातले दाणे वर्षानुवर्षे टिकतात. शिवाय रेल्वे होती. १८६० मध्ये ती सोलापूरला आणि १८७१ मध्ये रायचूरला पोचली होती, आणि उत्तरेकडचे धान्य तिच्यावरून दक्षिणेत येत होते. पण ते उतरत होते त्या भावाने घेणारा गिऱ्हाईक असेल तिथे. पाऊस गेला की शेतातले काम जाते, काम गेले की मजुरी जाते, आणि मजुरी गेली की बाजारात ज्वारीची पोती दिसत असूनही मजूर रित्या हाताने परत येतो. दर दुष्काळात आधी मेले ते शेतमजूर, विणकर आणि बलुतेदार, ते याच कारणाने. कुणब्याचा एरवीचा आधार म्हणजे सावकार. पण १८७५ च्या मे महिन्यात भीमथडीतल्या सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती, आणि त्यानंतर सावकारांनी हात आखडता घेतला होता. म्हणजे अवर्षण आले तेव्हा मजुरीही नव्हती आणि उधारीही नव्हती. उरले होते फक्त सरकार.

सरकारच्या डोक्यात मात्र एक पक्का सिद्धांत होता. धान्याच्या व्यापारात राज्यकर्त्यांनी हात घालू नये, भाव चढले की धान्य आपोआप टंचाईच्या जागी येते, हा अॅडम स्मिथचा विचार कलकत्त्याच्या सचिवालयात जवळपास धर्मवचनासारखा मानला जाई. या सिद्धांताची किंमत ओरिसाने १८६६ मध्ये मोजली होती. तिथे सरकार व्यापाऱ्यांची वाट पाहत बसले, पावसाळा लागून वाटा बंद झाल्या, आणि सुमारे दहा लाख माणसे गेली. त्या नामुष्कीमुळे १८७३-७४ मध्ये बिहारात पीक बुडाले तेव्हा व्हाइसरॉय नॉर्थब्रूकच्या सरकारने उलटा रस्ता धरला. मदतकार्याची सूत्रे सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याकडे आली. त्याने ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांहून अधिक तांदूळ आणला, तो पोचवण्यासाठी दरभंग्यापर्यंत घाईघाईने रेल्वे टाकली, गावागावात याद्या करवून धान्य वाटले. बिहारात भूकबळी जवळपास पडलेच नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश हिंदुस्थानात असे दुसरे उदाहरण शोधून सापडत नाही.

या यशाबद्दल टेंपलला शाबासकी मिळाली नाही. खर्च साठ लाख पौंडांवर गेला, उरलेला तांदूळ तोट्यात विकावा लागला, आणि लंडनच्या वर्तमानपत्रांपासून कलकत्त्याच्या तिजोरीपर्यंत सगळ्यांनी त्याला उधळ्या ठरवले. एवढे लोक वाचले याचा अर्थ एवढ्या मदतीची गरजच नव्हती, असे उलटे गणित मांडले गेले. हे गणित त्यानंतरही वेळोवेळी मांडले गेले आहे, आणि त्यातली चूक दर वेळी नव्याने दाखवून द्यावी लागते. मदतीमुळे टळलेला मृत्यू कुठल्याच खतावणीत जमेला धरला जात नाही. खर्च झालेला रुपया मात्र लगेच दिसतो.

१ जानेवारी १८७७ रोजी नव्या व्हाइसरॉयने, लॉर्ड लिटनने, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यासाठी दिल्लीत दरबार भरवला. दख्खन आणि मद्रास तेव्हा दुष्काळात होरपळत होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, स्वतःच्या हातच्या सुताचा जाडाभरडा पोशाख करून त्या दरबाराला गेले होते. दरबार आटोपताच लिटनने दक्षिणेत खास प्रतिनिधी म्हणून टेंपललाच पाठवले. या वेळी सूचना स्पष्ट होती: खर्च आवरा. बिहारात बदनाम झालेल्या अधिकाऱ्याला आपले नाव धुऊन काढायचे होते, आणि ते त्याने दुष्काळी मजुरांच्या भाकरीतून धुऊन काढले. इतिहासात याहून कठोर योगायोग थोडेच असतील.

दुष्काळी कामांवर मोठ्या पुरुषाला दीड रतल धान्याच्या किमतीएवढी मजुरी मिळत होती. टेंपलने ती एक रतलावर आणली. वर अर्धा आणा. बाया आणि मुलांना त्याहून कमी. रतल म्हणजे आजच्या मापाने सुमारे साडेचारशे ग्रॅम. एवढी ज्वारी दळली तर चार, फार तर पाच भाकरी होतात. मीठ, मिरची, डाळ, सरपण यांचा खर्च त्या अर्ध्या आण्यातून भागवायचा. एक रतल ज्वारीतून सुमारे सोळाशे कॅलरी मिळतात. दिवसभर खडी फोडणाऱ्या किंवा मातीच्या पाट्या वाहणाऱ्या माणसाला त्याच्या दुपटीच्या आसपास लागतात. शिवाय या चार भाकऱ्या एकट्याच्या नसत. कामाला येऊ न शकणारी म्हातारी आई, अंगावरचे पोर, आजारी भाऊ यांचा तुकडाही त्यातूनच मोडायचा. मजूर रोज थोडा थोडा खचत जाई. कामाचे माप भरले नाही की मजुरी आणखी कापली जाई.

या तुटपुंज्या मजुरीलाही अटी होत्या. खरोखर गरजू कोण आणि फुकटखाऊ कोण हे ओळखण्यासाठी सरकारने मदत मुद्दाम कष्टाची केली. धडधाकट माणसाला घरापासून दहा मैलांच्या आत काम द्यायचे नाही, त्याने गाव सोडून कामावरच्या छावणीत राहायचे, असा दंडक घालण्यात आला. ज्याला खरीच भूक आहे तो येईल, बाकीचे घरी बसतील, हा त्यामागचा विचार. विलायतेतल्या गरीब कायद्याची ही शिकवण होती. तिथल्या कामघरांत जगणे मुद्दाम नकोसे करून ठेवले जाई. दख्खनमध्ये या कसोटीचा अर्थ असा झाला की घर सोडायला मन धजेपर्यंत माणूस उपाशी राही, आणि छावणीत पोचे तेव्हा त्याच्या अंगात कामाचे बळ उरलेले नसे. दाटीवाटीच्या छावण्यांत पटकीची साथ वारंवार येई.

जानेवारी १८७७ मध्ये मुंबई इलाख्यात मजुरी कापली गेली आणि लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर जाण्याचे हुकूम सुटले. तेव्हा जे घडले त्याची कोणी अपेक्षा केली नव्हती. हजारो दुष्काळी मजुरांनी काम सोडले. दगडफेक नाही, लूट नाही. एवढ्या मजुरीवर काम करणार नाही, असे सांगून ही माणसे उठून गेली. उपाशी माणसांचा हा संप हिंदुस्थानच्या इतिहासात विलक्षण आहे. अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला: काम नाकारतात म्हणजे यांना मदतीची गरज नव्हती. सार्वजनिक सभेने नेमके उलटे म्हणणे मांडले. न्यायमूर्ती रानडे आणि जोशी यांच्या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून पिके, भाव, स्थलांतर, मृत्यू यांची माहिती गोळा केली आणि सरकारला अर्जांमागून अर्ज केले. एक रतलात माणूस जगत नाही, हे त्यांनी आकडे देऊन दाखवले. सरकारला सरकारच्याच भाषेत जाब विचारण्याची ही पद्धत तेव्हा नवी होती, आणि तिचे मोल मोठे आहे.

सभा अर्ज करत होती तेव्हा इतर काही जण चुली पेटवत होते. सत्यशोधक समाजाने धनकवडीच्या छावणीत मुलांसाठी अन्नछत्र चालवले आणि मे १८७७ मध्ये जोतीराव फुल्यांनी त्यासाठी मदतीचे जाहीर आवाहन केले. सावित्रीबाईंचे २० एप्रिल १८७७ चे ओतूरहून लिहिलेले पत्र जुन्नर भागातल्या दुष्काळाविषयीच आहे. पण खासगी दानाच्या बळावर जिल्हेच्या जिल्हे जगवता येत नाहीत, हेही त्याच वर्षी दिसून आले. पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीत कारकून असलेले वासुदेव बळवंत फडके या काळात गावोगाव हिंडले. त्यांनी जे पाहिले त्यातून १८७९ चे त्यांचे बंड उभे राहिले.

मद्रासमध्ये टेंपलच्या मजुरीला सरकारी गोटातूनच विरोध झाला. तिथले आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी तुरुंगातल्या कैद्यांच्या आहाराचे दाखले देऊन ही मजुरी जीवघेणी असल्याचे लिहिले, आणि १८७७ मध्येच मद्रास सरकारने ती वाढवली. तोवर फार उशीर झाला होता. या काळातही बंदरांतून गहू विलायतेला जात राहिला आणि लिटनच्या सरकारने भावांत हस्तक्षेप करायला साफ मनाई केली. दुष्काळ संपल्यावर नेमलेल्या आयोगानेच ब्रिटिश मुलखातले जादा मृत्यू पन्नास लाखांच्या वर धरले. टेंपल १८७७ मध्येच मुंबईचा गव्हर्नर झाला. दौंड-मनमाड रेल्वेचा भराव आणि नीरेचा डावा कालवा ही कामे या दुष्काळी मजुरांच्या हातांनी उभी राहिली. दौंडहून नगरकडे जाणारी गाडी आजही त्याच मार्गाने जाते.

रिचर्ड स्ट्रॅचीच्या अध्यक्षतेखालच्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. त्यात दोन गोष्टी एकत्र नांदतात. एकीकडे दुष्काळात लोकांना जगवणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे आयोगाने मान्य केले, आणि दुष्काळ हा मुख्यतः रोजगाराचा दुष्काळ असतो हे अचूक ओळखले. दुसरीकडे, दुष्काळात मदत हा हक्क मानला तर गरीब एरवीही तो मागतील, ही भीती त्याच्या पानापानांत आहे. म्हणून कर्तव्य सरकारचे, पण हक्क प्रजेचा नाही, असा मधला तोडगा निघाला. सरकारी धान्यकोठारांचा मार्गही बहुमताने नाकारला गेला. केअर्ड आणि सुलिव्हन या दोन सदस्यांनी त्याविरुद्ध मत नोंदवले. दुष्काळनिधीसाठी बसवलेल्या नव्या करांचा पैसा अफगाण युद्धाकडे वळल्याचा आरोपही तेव्हापासूनचा.

या अहवालातून १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा निघाला आणि मग प्रांतोप्रांतीच्या संहिता तयार झाल्या. साम्राज्याच्या कागदपत्रांत हा सर्वांत उपयोगी ग्रंथ म्हणावा लागेल. भाव किती चढले, स्थलांतर कधी सुरू झाले, गुन्हे वाढले का, हे पाहून कलेक्टरने आधी चाचणी कामे काढायची. लोक आले तर नेहमीची कामे उघडायची. अपंग, वृद्ध, गरोदर बाया यांची गाववार यादी करून त्यांना धान्य द्यायचे. सारा तहकूब करायचा, तगाई द्यायची. कामांच्या योजना दुष्काळ येण्याआधीच दप्तरात तयार ठेवायच्या.

पण संहिता इंग्रजीत होती, आणि कलेक्टरच्या टेबलावर होती. १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा बाळ गंगाधर टिळकांनी ती शेतकऱ्यापर्यंत नेली. 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या मराठी पत्रकांतून त्यांनी समजावून सांगितले की पीक इतक्या आण्यांखाली आले तर सारा माफ किंवा तहकूब व्हायला हवा, काम मागितले तर मिळायला हवे, आणि भांडीकुंडी विकून सारा भरू नका. सभेची माणसे गावोगाव सभा घेऊ लागली. सरकारने त्यांच्यावर खटले भरले आणि १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. सरकारचाच कायदा सरकारच्याच प्रजेला वाचून दाखवणे गुन्ह्यासारखे ठरले. दान म्हणून दिलेली मदत आणि हक्क म्हणून मागितलेली मदत यांतले अंतर इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

संहिता असूनही १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांत माणसे मोठ्या संख्येने मेली. प्लेगाने त्यात भर घातली. तरी त्यानंतर चाळीसेक वर्षे मोठा दुष्काळी संहार झाला नाही, आणि संहितेला थोडे श्रेय द्यावेच लागते. १९४३ मध्ये बंगालमध्ये ती होती, पण सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही. जाहीर केला असता तर धान्य द्यावे लागले असते. तिथल्या बळींचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. त्याच वर्षी मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. माणशी ठरलेले धान्य ठरलेल्या भावाने, कार्डावर नोंद करून देण्याची ही रीत युद्ध संपल्यावरही टिकली आणि पुढे देशभर पसरली.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ मध्ये विधिमंडळाने एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला. दुष्काळ आता होऊ द्यायचा नाही, होईल ती टंचाई, असा त्यामागचा निर्धार होता. नऊ वर्षांतच त्याची परीक्षा झाली. १९७० पासून सलग पावसाने ओढ दिली आणि १९७२-७३ मध्ये राज्याचे धान्योत्पादन सुमारे निम्म्यावर आले. विहिरी आटल्या, जनावरे कत्तलखान्याकडे निघाली. सगळी लक्षणे १८७६ ची होती, आणि जिल्हेही बरेचसे तेच होते.

या वेळी मजूर मोठ्या संख्येने कामावर आला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती, आणि त्यांत बाया फार मोठ्या संख्येने होत्या. आधीच्या योजना पुरेशा तयार नसल्याने सुरुवातीला जिकडेतिकडे खडी केंद्रेच निघाली. डोक्यावर फडके, डोळ्यांना चष्मा नाही, हातात हातोडी आणि पुढ्यात दगड, हे त्या उन्हाळ्याचे चित्र. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते ही कामे नंतर वाढली. कामावर सुकडी वाटली जाई. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे, असे त्या पिढीतली माणसे अजून सांगतात, आणि तिच्यावर वाढलेली मुलेही अजून आहेत. मजुरी थकत होती, मस्टरवर खोटी नावे चढत होती, मुकादम पैसे खात होते. पण मृत्यूदरात १८७७ सारखी उसळी आली नाही. धान्य कमी होते, पण मजुराच्या खिशात मजुरी असल्याने तो बाजारातून बाद झाला नाही. तुटवडा सगळ्यांनी थोडाथोडा सोसला. शिवाय या वेळी काम मागणाऱ्यांच्या मागे शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, समाजवादी, लाल निशाण अशा पक्षांचे मोर्चे होते, आणि मजुराला मत होते.

या कामांमागे वि. स. पागे यांचा विचार होता. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी १९६५ च्या सुमारास मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे तो मांडला आणि सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्याचा प्रयोग झाला: जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते द्यायचे, मग दुष्काळ असो वा नसो. दुष्काळ सरल्यावर ही योजना गुंडाळली गेली नाही. तिच्यासाठी १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यायचे, शक्यतो त्याच पंचायत समितीच्या हद्दीत. नाही दिले तर बेकारी भत्ता. १८७७ मध्ये मजुराला लांब पाठवणे ही त्याची परीक्षा होती. आता काम जवळ देणे ही सरकारची जबाबदारी झाली. १८८० च्या आयोगाला ज्या हक्काची धास्ती वाटत होती, तोच हक्क शंभर वर्षांनी दख्खनच्या त्याच जिल्ह्यांत कायद्याने मिळाला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यापुढे नमुना होता तो हाच.

काम करू न शकणाऱ्याचा प्रश्न या कायद्याने सुटला नाही. म्हातारे, अपंग, तान्ह्या पोरांच्या आया यांना हातोडी देऊन भागत नाही. त्यांच्यासाठी रेशन दुकानच कामी येते, आणि तिथला हक्क आणखी उशिरा, २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने आला. त्यात ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरांतल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना दरमहा माणशी पाच किलो धान्य ठरवले गेले. २०२३ पासून ते मोफत आहे. पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे एकशे सदुसष्ट ग्रॅम. टेंपलच्या एक रतलाच्या तिसऱ्या हिश्श्याहून हे थोडेच अधिक भरते. पण ते मिळवायला दहा मैल चालावे लागत नाही आणि खडी फोडावी लागत नाही. कार्डावर नाव असले की घरातल्या तान्ह्या पोराचा आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीचा वाटाही त्यात धरलेला असतो.